पाळण्याचं तिसरं वाचन

ईरा, नील,

हे दोघांसाठी लिहिते आहे, पण निमित्त ईराचं आहे. गेल्या रविवारी ती फोनवर सांगत होती की तिच्या नव्या नोकरीत एका पुरवठादाराशी भांडण पेटलंय. त्यानं सांगितल्याप्रमाणे माल केला आणि आता तो यांना नको आहे. मी विचारलं, चूक कोणाची? ईरा म्हणाली, "कोणाचीच नाही आजी, रिक्वायरमेंट बदलली."

हे वाक्य मी बऱ्याच वर्षांनी ऐकलं. ज्यांच्यासमोर ते उच्चारायची आमच्या कारखान्यात कोणाची छाती होत नसे, अशा एका गृहस्थांबरोबर मी काम केलं आहे. त्यांच्याविषयी आजवर लिहिलं नाही, कारण आपल्याबद्दल आपल्या मागे काही बोललेलं त्यांना चालत नसे. या हिवाळ्यात ते गेले, तेव्हा आता ती अडचण उरली नाही. नीलला आईनं हे वाचून दाखवावं. उभं राहून वाचलं तर उत्तम. का, ते पुढे कळेल.

माझी नोकरी तुम्हाला अर्धवटच माहीत आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी करारांचे मसुदे लिहीत असे, इंग्रजीत. ते इतके नीटनेटके असत की कोणी वाचत नसे. वाचणारा माणूस एकच, आमच्या कंत्राट विभागाचे हे प्रमुख. कायद्याची पदवी होती म्हणून सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. कोर्टात ते एकदाही उभे राहिले नव्हते. पाठीमागे त्यांचं नाव 'सभापती' होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

ते देवगाव रंगारीचे. वडिलांनी बाबासाहेबांच्या मागे धम्म घेतला आणि मुलाला शिकायला शहरात धाडलं. इतरांच्या टेबलामागे देवादिकांची कॅलेंडरं होती. यांच्या टेबलामागे संविधानाची उद्देशिका होती, मराठीतली, बरोबर पाण्याच्या फिल्टरच्या वर. त्यामुळे तहान लागलेल्या प्रत्येकाला पेला भरेपर्यंत ती वाचावीच लागे.

संविधानावरूनच त्यांनी कारखान्यासाठी एक पद्धत काढली होती. संसदेत विधेयकाची तीन वाचनं होतात, तशी आमच्याकडे बदलाची होत. करारात ठरलेलं काही बदलायचं असेल, तर ज्याला बदल हवा त्यानं पुरवठादारासमोर उभं राहून तो तीनदा वाचायचा. पहिल्यांदा नुसता वाचायचा. दुसऱ्यांदा वाचताना कोणीही मध्ये तोंड घालावं, पुरवठादारानंसुद्धा. तिसऱ्यांदा वाचून हात वर करायला सांगायचं. पुरवठादाराचा हात वर आला नाही, तर बदल पडला. मग भाव, मुदत, जे काही असेल ते नव्यानं बोला.

नव्या इंजिनियरांना ही चेष्टा वाटे. आपल्यालाच उभं राहून "शेडचं दार मला आता पूर्वेला हवं आहे" असं एका वेल्डरसमोर तीनदा वाचावं लागलं की हसू ओसरत असे. गंमत म्हणजे दुसऱ्या वाचनापर्यंत निम्म्या लोकांना दार होतं तिथंच बरं वाटू लागे.

"घटना दुरुस्त कराया संसद भरवावी लागती," वकीलसाहेब म्हणत, "अन् तुमी शेड फोनवर दुरुस्त करता व्हय?"

फोनवर त्यांचा राग विशेष. कोणी 'एक छोटासा बदल आहे' असं म्हणालं की ते रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवत, सावकाश पाणी पिऊन येत आणि मग तो कानाला लावून म्हणत, "आता इकडं या, अन् उभं राहून सांगा." मोबाइल आल्यावर तोही ते तसाच आडवा ठेवत. कारखान्याच्या मोठ्या साहेबांचा फोनही याला अपवाद नव्हता.

आणि ईराचं ते वाक्य. ते कोणी म्हणालंच, तर वकीलसाहेब टेबलाखाली वाकून बघत. "रिक्वायरमेंटला पाय हाईत का? आपसूक चालत गेली? कोण बदललं ते सांगा."

त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर असत, एक कंपनीच्या माणसासाठी, एक पुरवठादारासाठी. ते रुजू झाले तेव्हा पुरवठादाराची खुर्ची बुटकी होती. ती मुद्दाम तशी ठेवल्याचं कोणी कबूल केलं नसतं. यांनी पहिल्याच आठवड्यात सुतार बोलावून दोन्ही सारख्या करून घेतल्या. पुढचा वाद कपांचा झाला. साहेब लोकांना चिनी मातीच्या कपात चहा आणि बाहेरून आलेल्यांना कागदी पेल्यात, अशी आमची रीत होती. स्वच्छतेचं कारण सांगत. वकीलसाहेबांनी वाद घातला नाही. ते स्वतः कागदी पेल्यातून पिऊ लागले आणि आल्या-गेल्याला सांगू लागले, "वेगळा कप मला नवा नाय." थोड्याच दिवसांत सगळ्या कारखान्याला एकसारखे स्टीलचे पेले आले.

वाद मिटवायची त्यांची वेळ जेवणाच्या आधीची. डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा काढून दोन्ही पक्षांना अर्धी-अर्धी देत. ठेचा भयंकर असे. तिखट खाल्लेला माणूस लांबण लावत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं.

ते पुरवठादारांच्या बाजूचे होते असं मात्र समजू नका. वैजापूरचा एक व्यापारी आम्हाला यंत्रं पुसायच्या चिंध्या देत असे. ठरल्या होत्या पांढऱ्या, सुती. एकदा गाडीभर रंगीत, सुळसुळीत चिंध्या आल्या. व्यापारी म्हणाला, तुमच्याच खरेदी विभागानं फोनवर सांगितलं, कुठलाही रंग चालेल. खरेदी विभाग म्हणाला, आम्ही कशाला सांगू. वकीलसाहेबांनी दोघांना भाकरी दिली, ठेचा दिला, आणि हात धुवायच्या आधी दोघांच्या तळव्यांवर ग्रीस फासलं. "आता याच मालानं पुसा." व्यापाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर जांभळा पंजा उमटला आणि खरेदी अधिकाऱ्याच्या पँटवर हिरवा. दुपारच्या आत एकानं गाडी परत नेली आणि दुसऱ्याला फोन केल्याचं आठवलं.

त्यांच्या घरी आम्ही एकदा जेवायला गेलो होतो. तुमचे आजोबा त्यांच्या पत्नीला म्हणाले, इथंही तीन वाचनं होतात का? बाई शाळेत शिकवायच्या. पोळी उलटत त्या म्हणाल्या, "आमच्याकडं नाय होत. आमच्याकडं अध्यादेश निघतो." वकीलसाहेब मान खाली घालून जेवत होते.

आता पाळण्यांची गोष्ट. त्यांची आठवण काढायची तर तीच काढायला हवी.

जुळणीच्या विभागात बायकांची भरती वाढली, तेव्हा कारखान्याला पाळणाघर करणं भाग पडलं. पाळणे करायचं काम शहागंजातल्या रशीदभाईंना दिलं. त्यांचा वडिलांपासूनचा कारखाना होता, म्हणजे गल्लीतली एक लांबट खोली आणि बाहेर रस्त्यावर वाळणारे रंगवलेले पलंग. लोखंडी पाळणा, दोन बाजूंना टेकू, मध्ये झोळी, हलवला की हलणारा. मी मसुदा लिहिला, रशीदभाईंनी सही केली.

नंतर जे झालं ते कोणीच कोणाला सांगितलं नाही. आमचे सुरक्षा अधिकारी शहागंजात गेले आणि म्हणाले, पाळणा हलला तर मूल पडेल, तेव्हा तो हलणार नाही असं बघा. मनुष्यबळ विभागाच्या मॅडम मुंबईचं काही बघून आल्या होत्या. त्यांना दोन्ही बाजूंना जाळी हवी होती. आणखी कोणाला तरी चाकं हवी होती. आणि प्रत्येकाला रशीदभाईंनी चहा पाजला आणि "हौ साब, हो जाता" म्हटलं. घरी आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. पुन्हा येऊन विचारणं त्यांना त्याहून वाईट वाटलं असतं, कारण त्याचा अर्थ साहेबांना आपलं बोलणं आठवत नाही असा झाला असता.

ट्रक आला तेव्हा आम्ही सगळे आवारात होतो. उतरलेली वस्तू चार पायांवर ताठ उभी होती. जेवायच्या टेबलाएवढी उंच, दोन्हीकडून जाळी, खाली ब्रेकची चाकं. कोंबड्यांच्या खुराड्याला बढती मिळाली तर ते जसं दिसेल तसं. मोठ्या साहेबांनी एका पाळण्याला हात लावून झोका दिला. पाळणा हलला नाही. त्यांनी पुन्हा दिला.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

"पालना है, साब," रशीदभाई म्हणाले.

संचालक मंडळी पुढच्या आठवड्यात पाळणाघर बघायला येणार होती. मोठे साहेब भडकले. माल परत, आणि रशीदभाईंचं नाव काळ्या यादीत. ईरा, आमच्या भागात ती यादी एका कारखान्याची राहत नसे. सगळ्या खरेदी अधिकाऱ्यांचा चहा एकाच टपरीवर होत असे. आमच्याकडे नाव गेलं की संध्याकाळपर्यंत औद्योगिक वसाहतीतलं एकही फाटक त्या माणसाला उघडत नसे. वडिलांनी कमावलेलं नाव एका दुपारी जाणार होतं.

वकीलसाहेबांनी रशीदभाईंना खुर्चीवर बसवून विचारलं, कोणी-कोणी काय बदललं ते सांगा, बाकीचं मी बघतो. रशीदभाईंनी पेला खाली ठेवला.

"वकीलसाब, उनों मेरे दुकान पे बैठ के चाय पिए," ते म्हणाले. "अब उनों का नाम मैं कैसा लेऊँ?"

वकीलसाहेबांनी बराच वेळ समजावलं. भाकरी-ठेचा झाला. रशीदभाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण नाव आलं नाही. मी म्हटलं, करारातलं कलम बघू का? ते म्हणाले, "बाई, तुमचं कलम मला पाठ हाय. कंत्राट कागदावर नाय मरत. चहात मरतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कँटीनमध्ये बैठक भरवली. मध्यभागी एक पाळणा. एका बाजूला रशीदभाई, समोर आम्ही सगळे अधिकारी. मोठे साहेबही आले, यादीवर सही करायची म्हणून. वकीलसाहेबांनी सांगितलं की रशीदभाई नाव घेणार नाहीत, तेव्हा ज्याचा बदल त्यानं स्वतः उठून वाचावा. वाचन आधी व्हायला हवं होतं, ते आज होईल.

कोणी उठलं नाही. सुरक्षा अधिकारी छतावरचा पंखा तपासत होते. मॅडमनी फोन उलटा ठेवला होता तो सुलटा केला. कँटीनचे स्वयंपाकी आतून डोकावत होते. मोठ्या साहेबांनी पेन काढलं.

तेव्हा वकीलसाहेब स्वतः उभे राहिले. मला वाटलं, भाषण करणार.

"उंची माझी हाय," ते म्हणाले.

पंखा तपासणारी नजरही खाली आली. त्यांनी सांगितलं ते असं. घरासाठी भांड्यांची मांडणी बघायला ते शहागंजात गेले होते. नमुन्याचा पाळणा बाहेर वाळत होता, जमिनीलगत, नेहमी असतो तसा. त्यांना वाटलं, जुळणीवरच्या बाया दिवसभर यंत्रावर वाकतात, मग पोराला उचलायला आणखी कशाला वाकायचं? ते रशीदभाईंना म्हणाले, हातभर वर घ्या. रशीदभाई म्हणाले, हौ साब. मग दोघांनी चहा घेतला.

एवढं सांगून त्यांनी बदल वाचायला सुरुवात केली. "पाळण्याची उंची हातभर वाढवावी." पहिलं वाचन. "पाळण्याची उंची हातभर वाढवावी. कोणाला काही बोलायचं हाय?" दुसरं. तिसरं वाचून त्यांनी हात वर करायला सांगितलं. हात एकच वर आला, रशीदभाईंचा, अर्धा, संकोचानं.

ज्या माणसानं आम्हाला दारं-खिडक्यांसाठी उभं केलं, त्याला स्वतःच्या हातभर चुकीसाठी असं एकटं उभं राहिलेलं कोणाला बघवेना. सुरक्षा अधिकारी उठले. "न हलण्याचं माझं," ते म्हणाले आणि त्यांना तीनदा वाचावं लागलं: पाळणा हलू नये, पाळणा हलू नये, पाळणा हलू नये. तिसऱ्या वेळी स्वयंपाकीण हसली. मॅडम उठल्या, जाळी वाचली. मग फक्त चाकं उरली.

चाकांसाठी कोणी उठेना. एकेकाकडे बघून झालं. वकीलसाहेब उभेच होते. त्यांना घाई नव्हती. शेवटी मोठ्या साहेबांनी पेन खिशात टाकलं आणि बसल्या-बसल्या म्हणाले, "चाकांचं राहू द्या."

ते आम्ही राहू दिलं. यादीवर सही झाली नाही. पाळणे आले तसे घेतले गेले. जाताना रशीदभाईंनी सगळ्यांना शहागंजात चहाला बोलावलं. वकीलसाहेब म्हणाले, "येतो. पण बोलणार नाय."

संचालक आले, बघून गेले आणि पाळण्यांना परदेशी समजून खूश झाले. बायकांनी मात्र पहिल्या दिवसापासून ब्रेक काढून ठेवले. मूल रडलं की त्या पायानं पाळणा पुढे-मागे ढकलत. न हलणारा पाळणा चाकांवर मजेत हलत असे आणि सुरक्षा अधिकारी त्या वेळी दुसऱ्या विभागात असत. आणि मूल उचलताना कोणाला वाकावं लागत नव्हतं.

पण कंत्राट विभागाच्या प्रमुखानंच करार चहावर बदलला, हे भर कँटीनमध्ये उघड झालं होतं. ज्यांना बसून राहावं लागलं ते ही गोष्ट विसरणार नव्हते. वकीलसाहेबांना मेमो द्यायचं ठरलं. तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी विचार करून एक शब्द घातला, 'अनवधानाने'. त्या एका शब्दानं नुसती ताकीद मिळून प्रकरण मिटणार होतं. मोठ्या साहेबांनाही तो चालला.

वकीलसाहेब मसुदा घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बाई, हा शब्द तुमचा का?"

"माझा."

"मंग काढा. अनवधान नव्हतं. विचार करून बोललो. फक्त सगळ्यांसमोर नाय बोललो, गुन्हा तेवढाच."

मी सांगितलं की शब्द काढला तर पद जाईल. ते म्हणाले, जाईल. मी चिडून म्हटलं, मसुद्यातला बदल असा टेबलाशी येऊन होत नसतो, वाचन लागतं. आपण फार बिनतोड बोललो असं मला वाटलं. ते उभेच होते. त्यांनी कागद समोर धरला आणि वाचलं, "अनवधानाने हा शब्द वगळावा." दुसऱ्यांदा वाचून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हा मूर्खपणा आहे, घरच्यांना विचारलंत का? ते म्हणाले, तिकडून अध्यादेश निघालाय, खरं तेच सांगा म्हणून. तिसऱ्यांदा वाचलं आणि स्वतःचा हात वर केला.

मी माझा केला नाही. त्यांच्याच नियमानं दुरुस्ती पडली होती आणि ते त्यांना माझ्याइतकंच समजत होतं. नियम मोडून शब्दावर काट मारणं त्यांना जमणारं नव्हतं. हात वर धरून ते तसेच थांबले. शेजारच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हात दुखतोय. पाळण्यावर माझं नाव नाय, ते बरंच हाय. चुकीवर तरी पुरतं असू द्या."

मी हात वर केला.

त्यांची बदली प्रशिक्षण विभागात झाली. तिथं कसलाच करार होत नसे, त्यामुळे बदलायलाही काही नव्हतं. निवृत्त होईपर्यंत ते नव्या मुलांना यंत्रांची नावं शिकवत राहिले. कंत्राट विभागात संगणकाची प्रणाली आली. बदल हवा असेल तर तिच्यात एक चौकोन टिचकी मारून भरायचा, बदलाचं कारण निवडायचं. पहिलंच कारण होतं, 'गरज बदलली'. खुर्च्याही नव्या आल्या. त्यांच्याखाली दांडा असतो, तो दाबून आपापली खुर्ची हवी तेवढी खालीवर करता येते.

पाळणाघराचं सामान बदललं तेव्हा जुने पाळणे भंगारात निघाले. त्यातला एक मी घेतला. नील, तू इथं जन्मलास तेव्हा पहिले काही महिने त्यात झोपलास. तुझ्या आईची कंबर दुखत होती, तिला वाकावं लागलं नाही. तो मागच्या गॅलरीत आहे. आता त्यात कोथिंबिरीच्या कुंड्या आहेत आणि उन्हाप्रमाणे मी तो सरकवते.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या सुनेसाठी पाळणा बघायला शहागंजात गेले होते. रशीदभाई आता बसूनच असतात, कारखाना मुलगा बघतो. मला त्यानं ओळखलं नाही. पाळणा हवा म्हटल्यावर त्यानं विचारलं, "सादी ऊँचाई होना, या कंपनीवाली?" मी विचारलं, कंपनीवाली म्हणजे? तो म्हणाला, हातभर वर. आता सगळी गल्ली तशीच करते, बायका तीच मागतात. कोणत्या कंपनीची, ते त्याला माहीत नव्हतं. आत बसलेल्या रशीदभाईंकडे मी बघितलं. त्यांनी मला चहा मागवला आणि नेहमीप्रमाणे नाव घेतलं नाही.

खुर्च्या गेल्या, वाचनं गेली, वकीलसाहेब गेले. उंची राहिली आहे.